सल्ला: ढग असले, थंडी असली, दिवसभर आत बसलं तरी रोज सनस्क्रीन लावायचं का?

पत्र असं आहे:

"ताई, मी एकतीस वर्षांची आहे, रंग सावळा. ऑफिसात माझं टेबल मोठ्या खिडकीला लागून आहे, काच डाव्या हाताला. दीडेक वर्षापासून गालांवर वांगाचे डाग आलेत आणि डावा गाल जास्त गडद दिसतो. मैत्रिणीने सांगितलं म्हणून रात्री ग्लायकोलिक ऍसिडचं सीरम लावते. पाच महिन्यांपूर्वी एसपीएफ ५० चं सनस्क्रीन घेतलं, ५० ग्रॅमची ट्यूब, ती अजून अर्धी शिल्लक आहे, पण फरक काहीच नाही. उलट चेहरा पांढरट दिसतो आणि कपाळावर बारीक पुटकुळ्या येतात. आई म्हणते आपल्या रंगाला हे लागत नाही, तिने कधी लावलं नाही, आणि सारखं लावून माझं व्हिटॅमिन डी अजून कमी होईल, जे रिपोर्टमध्ये आधीच कमी आलंय. कुठेतरी वाचलं की सनस्क्रीन रक्तात पण जातं. खरंच वर्षभर रोज लावायची गरज आहे का, ढगाळ हवेत, थंडीत, आणि दिवसभर आत बसून? मला आता कंटाळा आलाय. – खिडकीजवळची"

प्रिय खिडकीजवळची,

गरज आहे. तुला तर आहेच, कारण तुझ्या गालावर वांग आहे आणि तू रोज सात-आठ तास काचेशेजारी बसतेस. पण हे पटवायच्या आधी मला तुझ्या त्या अर्ध्या ट्यूबबद्दल बोलायचंय, कारण फरक का पडला नाही याचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

हिशोब बघ. चेहरा आणि मान दोन्हीला मिळून एका वेळेला साधारण एक ग्रॅम, थोडं जास्तच, सनस्क्रीन लागतं. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदाच लावली तरी दीड महिन्यात, फार तर पावणेदोन महिन्यांत संपायला पाहिजे. तुझी पाच महिन्यांत निम्मी संपली. याचा अर्थ एकतर तू खूप दिवस लावलंच नाहीस किंवा लावलंस ते बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, आणि मला वाटतं दोन्ही थोडं थोडं झालं असणार. तुला रागवत नाहीये हं मी, बहुतेक लोक एवढंच लावतात. पण मग तू सनस्क्रीन वापरून बघितलं आणि उपयोग झाला नाही असं म्हणता येत नाही, कारण ते पुरेसं वापरून अजून बघितलंच नाहीयेस.

हे प्रमाण येतं कुठून तर लॅबमध्ये एसपीएफ मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर लावून मोजतात. ट्यूबवरचा ५० हा आकडा त्या थराचा आहे. माणसं घरी लावतात ते साधारण त्याच्या पाव ते निम्मं, आणि थर पातळ झाला की संरक्षण पण धाडकन खाली येतं, म्हणजे ५० ची ट्यूब घेऊन चेहऱ्यावर १०-१५ चंच काम होत असतं. उलट नीट थर दिला तर एसपीएफ ३० जवळपास ९७ टक्के आणि ५० जवळपास ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी किरणं अडवतं, फरक एवढाच. म्हणून ५० की ७० की १०० या चर्चेत मला फार रस नाही. ३० च्या वरचं कुठलंही चांगलं घे आणि भरपूर लाव. वांग आहे म्हणून तू ५० घे, म्हणजे कुठे थोडं कमी लागलं तरी हाताशी काहीतरी शिल्लक राहतं.

आता लावायचं कसं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक जाड रेघ काढायची, हे झालं चेहरा आणि मानेचं माप. हे सगळं एकदम थापलं तर नाकाच्या कडेला गोळा होतं, भुवयांत अडकतं, पांढरं दिसतं आणि मग आपण ओल्या टिश्यूने पुसून टाकतो, काम तिथेच संपलं. त्यापेक्षा एका बोटाची रेघ आधी, ठिपके ठिपके करून गालाची हाडं, कपाळ, नाक, वरचा ओठ आणि हनुवटीवर ठेवायची आणि हलक्या हाताने पसरायची, चोळत बसायचं नाही. मग एखादं मिनिट थांबायचं, केस विंचर, काहीतरी कर, आणि मग दुसरी रेघ तशीच. कानाची पाळी, कानामागची जागा, केसांची कड आणि मानेची मागची बाजू या चार जागा हमखास राहतात, आणि हो, वरचा ओठ, वांग तिथे फार लवकर धरतं आणि नेमकं तिथे आपण कमी लावतो कारण चव तोंडात जाते. हाताच्या पंजांना शेवटी लाव आणि मग लगेच हात धुऊ नकोस. मॉइश्चरायझर लावत असशील तर ते आधी, ते मुरू दे, त्यावर सनस्क्रीन, मेकअप सगळ्यात शेवटी. बाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावलं की थर नीट बसतो.

बरं, आता खिडकी.

जमिनीपर्यंत पोचणारे अतिनील किरण दोन तऱ्हेचे, यूव्हीए आणि यूव्हीबी. यूव्हीबीने त्वचा भाजते, लाल होते, हुळहुळते, म्हणजे ते निदान सांगून तरी येतं. यूव्हीए भाजत नाही, पण त्वचेत जास्त खोल जातं, तिथलं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, हळूहळू मोडतं, रंगद्रव्य गडद करतं आणि जमिनीवर पोचणाऱ्या एकूण यूव्हीपैकी ९५ टक्के हेच असतं. आता साधी खिडकीची काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते पण यूव्हीए बरंचसं आत सोडते. त्यामुळे तुला काचेशेजारी बसून कधी चटका बसला नसेल, गाल लाल झाला नसेल, आणि म्हणूनच आपण आत बसलोय म्हणजे सुरक्षित आहोत असं वाटत राहिलं असेल.

२०१२ साली एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रक ड्रायव्हरचा फोटो छापून आला होता. तो २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवत होता, आणि तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो म्हणजे बाजूच्या खिडकीचं ऊन डाव्या गालावर. फोटोत उजवी बाजू वयाप्रमाणे दिसते, आणि डावी बाजू बघितली की वाटतं हा दुसराच कोणीतरी वीस वर्षांनी मोठा माणूस आहे, कातडी जाड, खोल घळी पडल्यासारख्या सुरकुत्या, डोळ्याखालची त्वचा लोंबलेली. चेहरा एकच, खाणंपिणं तेच, आनुवंशिकता तीच, फरक फक्त काचेतून येणाऱ्या उन्हाचा. तुझं तेवढं होईल असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण तुझा डावा गाल जास्त गडद आहे आणि काच पण डावीकडेच आहे, हे तू स्वतःच एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी तिथे थांबले.

म्हणून सनस्क्रीनच्याही आधीचं एक काम: टेबल हलवता येतं का बघ. नाही तर पडदा ओढ, किंवा काचेवर यूव्ही अडवणारी फिल्म लावता येईल का असं ऑफिसात विचार, ती पारदर्शक पण मिळते त्यामुळे उजेड जात नाही. फुकटात होण्यासारखं असेल ते आधी करावं असं माझं मत आहे. सावली, टोपी, स्कार्फ, पूर्ण बाह्या, गॉगल हे सगळं सनस्क्रीनइतकंच खरं संरक्षण आहे, आणि कापड घामाने वाहून जात नाही.

ढग आणि थंडीचं बोलू. आपल्याला जे 'ऊन लागतं' ते उष्णता म्हणून लागतं, आणि उष्णता यूव्हीमुळे येत नाही, ती वेगळी किरणं. यूव्ही अंगाला जाणवतच नाही. त्यामुळे हवा गार असली की वाटतं आज ऊन नाहीये, आणि पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही खुशाल खाली येत असतं. काळेकुट्ट दाट ढग असतील तर बरंच अडतं, ते खरं आहे. पण सकाळी आठ वाजता खिडकीतून आकाशाकडे बघून दुपारी ढग किती दाट असतील हे कोण सांगणार? बर्फाळ डोंगरावर तर उलटं होतं, बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत वर फेकतो आणि दर हजार मीटर चढलं की यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे कुडकुडत असताना चेहरा भाजून निघतो, नाकाखालून आणि हनुवटीखालून सुद्धा.

फोनवरच्या हवामानाच्या ऍपमध्ये यूव्ही इंडेक्स नावाचा एक आकडा असतो, तो बघायची सवय लाव. ३ किंवा त्यापेक्षा जास्त असेल तर संरक्षण घ्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ८ च्या वर गेला तर दुपारचं बाहेर थांबणं टाळलेलंच बरं. उष्ण कटिबंधात दुपारी हा आकडा वर्षभर बहुतेक दिवस तीनच्या वरच असतो, मग थंडीचे दिवस असोत नाहीतर पावसाचे. ध्रुवांकडच्या देशांत ऐन हिवाळ्यात तो एक-दोनवर येतो, तिथे बर्फ नसेल, डाग नसतील आणि माणूस घरातच असेल तर त्या दिवसांत नाही लावलं तरी चालेल, हे मी मोकळेपणाने सांगते कारण बारा महिने चोवीस तास लावाच असं घाबरवणारं बोलणं मला आवडत नाही. फक्त तुझ्या बाबतीत एक लक्षात ठेव, हा इंडेक्स मुख्यतः भाजणाऱ्या किरणांच्या हिशोबाने काढलेला आहे, आणि तुझा प्रश्न काचेतून येणाऱ्या यूव्हीएचा आहे जे दिवसभरात आणि ऋतूंमध्ये यूव्हीबीइतकं खालीवर होत नाही. त्यामुळे तू आकडा बघून सुट्टी घेऊ नकोस. रोज दात घासल्यावर लावून टाकायचं, विचार करायचाच नाही, कारण विचार करायला लागलं की आज नको वाटतं.

'रोज' या शब्दावर मी एवढा जोर देते त्याला चांगला पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बर नावाच्या गावात १९९२ ते १९९६ या काळात १६२१ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्या लोकांना सांगितलं रोज सकाळी सनस्क्रीन लावा, बाकीच्यांना सांगितलं तुम्ही एरवी जसं वाटेल तेव्हा लावता तसंच चालू ठेवा. आणि ते सनस्क्रीन काही फार भारी नव्हतं, एसपीएफ १५-१६ चं साधंच. साडेचार वर्षांनी ५५ पेक्षा कमी वयाच्या लोकांच्या हाताच्या पंजाची मागची त्वचा तपासली तर रोज लावणाऱ्यांमध्ये त्वचा म्हातारी होण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी निघालं. त्यांच्यात एका प्रकारचा त्वचेचा कॅन्सर पण कमी झाला आणि पुढे दहा वर्षांनी पाहिलं तर मेलानोमा, म्हणजे त्वचेचा जास्त घातक कॅन्सर, निम्म्यावर आलेला. लक्षात घे, दुसऱ्या गटालाही सनस्क्रीन वापरायला कोणी मनाई केली नव्हती, त्यातले कितीतरी जण मनाला येईल तेव्हा लावतच होते. म्हणजे ही तुलना लावणं विरुद्ध न लावणं अशी नव्हतीच, ती रोज विरुद्ध अधूनमधून अशी होती.

आता आईचं म्हणणं. ती पूर्ण चूक नाहीये. सावळ्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त असतं आणि त्यामुळे भाजण्यापासून आणि त्वचेच्या कॅन्सरपासून गोऱ्या लोकांपेक्षा खूप जास्त संरक्षण मिळतं, ऑस्ट्रेलियातल्या त्या अभ्यासातले लोक बहुतेक गोरेच होते. त्यामुळे कॅन्सरची भीती घालून मी तुला सनस्क्रीन लावायला लावणार नाही. पण ज्या मेलॅनिनमुळे आपल्याला संरक्षण मिळतं तेच आपल्याला डाग पण देतं. आपली त्वचा कशानेही दुखावली, पुटकुळी असो, ओरखडा असो, ऊन असो, की लगेच रंग टाकून मोकळी होते आणि तो रंग महिनोन्महिने जात नाही. वांग, पुटकुळ्यांचे काळे व्रण, ओठांभोवतीचा काळेपणा हे प्रश्न सावळ्या त्वचेला जास्त छळतात, आणि या प्रत्येकाला ऊन खतपाणी घालतं.

आईशी वाद घालू नकोस. एक करून बघ दोघी मिळून. उजेडात बसून तिच्या दंडाची आतली बाजू, काखेकडची, आणि हाताच्या पंजाची मागची बाजू एकमेकांशेजारी धरा. दंडाच्या आतली त्वचा मऊ, एकसारख्या रंगाची, जवळजवळ डाग नसलेली दिसेल. पंजाची त्वचा रापलेली, कोरडी, बारीक रेघांची, कदाचित तपकिरी ठिपके पण असतील. दोन्ही त्वचांचं वय तेवढंच आहे, एकाच दिवशी जन्मलेल्या. पंजा भांडी घासतो, कामं करतो हे आहेच, पण मोठा फरक उन्हाचा आहे. मग तिलाच विचार की चेहऱ्याला यातली कुठली त्वचा हवी होती. आणि तिच्यासाठी पण एक ट्यूब आण, या वयात सुरू करून पण उपयोग होतो.

सावळ्या रंगाचं अजून एक, आणि हे तुझ्या वांगासाठी फार महत्त्वाचं आहे. आपल्या त्वचेला नुसतं यूव्हीच नाही, डोळ्याला दिसणारा साधा प्रकाश, त्यातला निळा भाग विशेष, तो पण गडद करतो, आणि नेहमीची सनस्क्रीन्स तो प्रकाश अडवत नाहीत. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, म्हणजे टिंटेड सनस्क्रीनमध्ये जो मातकट-तपकिरी रंग असतो तो. त्यामुळे तुझा पांढरटपणाचा प्रश्न आणि वांगाचा प्रश्न दोन्ही एकाच ट्यूबमध्ये सुटतात: तुझ्या रंगाच्या जवळपासची शेड असलेलं टिंटेड सनस्क्रीन घे. जबड्याच्या कडेला थोडं लावून दिवसाच्या उजेडात आरसा बघ, दुकानातल्या दिव्याखाली नको, तिथे सगळंच चांगलं दिसतं. पांढरा थर बहुतेक झिंक ऑक्साइड नाहीतर टायटॅनियम डायऑक्साइडमुळे येतो, ते वाईट नाहीत, उलट नाजूक त्वचेला तेच जास्त मानवतात, फक्त सावळ्या चेहऱ्यावर दिसतात. पॅकवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही अडवणारं, असं लिहिलंय ना बघ. किंवा पीए आणि पुढे अधिक चिन्हं असतात, ती यूव्हीएसाठी, एक ते चार, तू तीन किंवा चारवालं घे. नुसता एसपीएफ मोठा आणि यूव्हीएचं काहीच लिहिलेलं नाही असं सनस्क्रीन तुझ्या खिडकीसमोर काही कामाचं नाही.

पुटकुळ्या कपाळावरच येतात म्हणालीस. जेल किंवा पातळ लोशन प्रकारातलं, नॉन-कॉमेडोजेनिक (रंध्रं न बुजवणारं) लिहिलेलं घे, घट्ट क्रीम नको. आणि रात्री घरी आल्यावर ते नीट उतरवतेस का? नुसत्या पाण्याने सनस्क्रीन निघत नाही, वॉटर रेझिस्टंट असेल तर साध्या फेसवॉशने सुद्धा पूर्ण निघत नाही, आधी क्लेन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटर आणि मग फेसवॉश. केसांच्या कडेला राहिलेला थर, घाम आणि केसांचं तेल, कपाळावरच्या बारीक पुटकुळ्यांचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं. दोन-तीन आठवडे असं करून बघ, तरी येत राहिल्या तर प्रॉडक्ट बदल. एक मानवलं नाही म्हणून सनस्क्रीनच सोडायचं हे मात्र करू नकोस, प्रत्येकाची बनावट वेगळी असते आणि चेहऱ्यावर विसरून जाता येईल असं सापडेपर्यंत दोन-तीन बदलावी लागतात. छोटी पॅकं घे.

व्हिटॅमिन डी. त्वचेत ते यूव्हीबीमुळे तयार होतं, आणि वर सांगितलं तसं काच यूव्हीबी अडवते. म्हणजे तुझ्या टेबलावरचं ऊन तुला डाग देतं आणि व्हिटॅमिन डी देत नाही, आईला हे नक्की सांग. चेहरा आणि मान म्हणजे शरीराचा फारच छोटा भाग, डोकं धरून जेमतेम ९ टक्के. हात-पाय मोकळे असतील तर त्यांच्यावर थोडं ऊन घे, चेहरा झाकून. पण तुझं आधीच कमी आहे तर उन्हाच्या भरवशावर राहूच नकोस, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा पावडर ठरलेल्या डोसमध्ये घे आणि त्यांनी सांगितलेल्या वेळेला परत तपासून घे. हातापायांना सुद्धा रोज भरपूर सनस्क्रीन लावणाऱ्यांनी तर तपासणी करावीच. कमतरता गोळीने भरून निघते, वांग एकदा खोल गेलं की त्याला अशी गोळी नाही.

रक्तात जाण्याचं तू वाचलंस ते खोटं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियंत्रण संस्थेने, २०१९ आणि २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केले, त्यात ऑक्सिबेन्झोन, ऍव्होबेन्झोन अशा काही केमिकल फिल्टर्सचा, म्हणजे सनस्क्रीनमधल्या किरणं शोषणाऱ्या रसायनांचा, अंश रक्तात सापडला. २०१९ च्या अभ्यासात लोकांना शरीराच्या ७५ टक्के भागावर, दिवसातून चार वेळा, चार दिवस लावायला सांगितलं होतं, हे पण माहीत असू दे. रक्तात सापडणं म्हणजे अपायकारक असणं असा अर्थ होत नाही, अजून तपासणी हवी, आणि लोकांनी सनस्क्रीन बंद करू नये, असंच त्या संस्थेने सांगितलं. तरी मनात किंतु राहात असेल, किंवा गरोदर असशील किंवा विचार करत असशील, तर झिंक ऑक्साइड-टायटॅनियमवालं टिंटेड घे, त्यांच्याबद्दल असा प्रश्न उभा राहिलेला नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना मात्र सनस्क्रीन न लावता सावलीत आणि कपड्यात ठेवायचं, हे घरात कोणाला उपयोगी पडेल म्हणून सांगून ठेवते.

आता तुझं सीरम, ज्याची मला खरी काळजी वाटली. ग्लायकोलिक ऍसिड वरचा मृत थर काढतं आणि त्यामुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, ते वापरताना आणि बंद केल्यावरही आठवडाभर सनस्क्रीन हवंच. तू रात्री त्वचा उघडी करतेस आणि दिवसा तीच काचेशेजारी बसवतेस, वर सनस्क्रीन अपुरं. डाग का जात नाहीत याचं हे पण कारण असू शकतं. म्हणून महिनाभर सीरम बंद कर. आधी सनस्क्रीनची सवय पक्की होऊ दे, मग वाटलं तर आठवड्यातून एक-दोन रात्री सुरू कर. आणि डाग घालवतो म्हणून कोणी एखादं क्रीम हातात दिलं तर त्यात स्टेरॉइड नाही ना हे बघितल्याशिवाय लावू नकोस. सुरुवातीला चेहरा स्वच्छ दिसतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, आणि बंद केलं की आधीपेक्षा वाईट होतं. असे चेहरे फार आहेत आणि त्यांना सावरायला फार वेळ लागतो.

दर दोन तासांनी परत लावा हे तू वाचलं असशील आणि त्यानेच निम्मा कंटाळा आला असेल. तो नियम बाहेर उन्हात, घामात, पाण्यात असणाऱ्यांसाठी आहे, तिथे तो पाळायचाच. आत बसून सनस्क्रीन दोन तासांनी आपोआप नाहीसं होत नाही, ते हळूहळू तेलाने, घामाने, चेहऱ्याला हात लावून झिजतं. तुझ्यासाठी सकाळी एकदा पूर्ण दोन बोटं, आणि काचेशेजारीच बसावं लागत असेल तर दुपारी जेवण झाल्यावर एकदा. मेकअप असेल तर टिश्यूने तेल टिपून घे, मग मेकअपच्या स्पंजवर सनस्क्रीन घेऊन थापत थापत लाव, पुसायचं नाही. कॉम्पॅक्टमधलं एसपीएफ वरून चालेल पण त्याच्या एकट्यावर विसंबू नकोस, तेवढा थर पावडरचा कोणीच लावत नाही. आणि क्रीममधलं १५ आणि सनस्क्रीनमधलं ३० यांची बेरीज ४५ होत नाही.

ट्यूब गाडीत किंवा उन्हात ठेवू नकोस, उष्णतेने खराब होते, तारीख उलटलेली टाकून दे.

आज एक फोटो काढ, सकाळी, एकाच जागी उभी राहून, दोन्ही बाजूंनी, काही न लावता. दर महिन्याला त्याच जागी त्याच वेळेला परत एक. वांग हळू जातं, आरशात रोज बघून कळत नाही आणि मग हात सुटतो. तीन महिन्यांत दोन ट्यूब संपल्या असतील आणि तरी फोटोत काही हललं नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, सोबत तू लावतेस त्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या पिशवीत घालून ने, नावं सांगताना काहीतरी राहतंच. हार्मोन्सच्या गोळ्या चालू असतील तर ते पण सांग, त्यानेही वांग वाढतं. एखादा डाग बाकीच्यांपेक्षा वेगळाच दिसायला लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, एकाच डागात दोन-तीन रंग दिसले, वाढत गेला किंवा रक्त आलं, तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखव.